विहीर क्रमांक सतरा

आमच्या कांताला, माझ्या नणंदेला, सेलूला दिली ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. वैशाख पौर्णिमेला विहारासमोर मांडव घातला होता. दीडशे माणसं जेवली, लग्न नीट पार पडलं. फक्त एक झालं. सेलूकडचे पाहुणे चहाला बसले तेव्हा व्याह्यांच्या एका म्हाताऱ्या नातलगानं बशी खाली ठेवली आणि विचारलं, "चहात मीठ टाकता का जी तुमी इकडं?" सगळे हसले. आमचेही हसले. माझे सासरे बाबाराव हसले नाहीत. ते उठले, विहिरीकडे गेले आणि कठड्याला हात लावून उभे राहिले. पंगत उठेपर्यंत ते मांडवात परत आले नाहीत.

ती विहीर वस्तीची होती, पण म्हणायला बाबारावांची. दीक्षेनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी अकरा माणसं गोळा करून ती खणली. त्याआधी वडनेरच्या आमच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन रूपराव पाटलांच्या मळ्यात जायच्या आणि विहिरीपासून दूर उभ्या राहायच्या. कोणी वरून ओतलं तर भरून आणायचं, नाही ओतलं तर उभंच राहायचं. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा दोन महिने मीही तशी उभी राहिले आहे. मग आमची विहीर झाली. पाणी लागलं ते मचूळ लागलं. तुरीची डाळ शिजता शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. पण कोणी कोणाला त्याबद्दल बोललं नाही. घरच्या माणसाचा स्वभाव जसा आपण बाहेर सांगत नाही, तसंच ते होतं.

प्रेमदास माझा धाकटा दीर. माझे मालक हिंगणघाटला गिरणीत होते, रविवारी यायचे, त्यामुळे घरात बोलायला मी, मामाजी म्हणजे माझे सासरे, आणि सुट्टीत आला तर प्रेमदास. तो नागपूरला वसतिगृहात राहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाला होता आणि वर्ध्याच्या एका कॉलेजात मुलांकडून प्रयोग करून घ्यायच्या नोकरीला लागला होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानं सांगितलं की नागपूर विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदवलं आहे.

"मंग आणखी किती वर्सं शिकशीन?" मामाजींनी विचारलं.

"आता शिकायचं नाई बाबा. शोधायचं."

"काय हारपलं?"

मला हसू आलं. प्रेमदासनं मात्र नीट समजावून सांगितलं. जिल्ह्यातल्या बत्तीस विहिरी निवडायच्या, दर महिन्याला प्रत्येकीची एक बाटली पाणी आणायचं, अशी दोन वर्षं. त्यात मीठ किती, चुना किती, आणखी काय काय किती, ते काढायचं. मग त्याचं पुस्तक होणार आणि ते विद्यापीठात कायमचं राहणार.

"त्यात इहिरीचं नाव राहीन?"

"राहीन ना. आपली सतरा नंबरची. बाबारावांची विहीर, वडनेर. आन् पाटलाच्या मळ्यातली अठरा."

"एकाखाली एक?"

"हव."

"मंग पास-नापास कोण करते?"

"पास-नापास नसते बाबा. जे हाये ते लिहायचं."

मामाजींनी मान हलवली. पण आमच्याकडे तपासणी म्हटली की आधी सारवायचं, ही रीत. शाळेत साहेब येणार असला की मास्तर दोन दिवस आधी पोरांना आंघोळ करून यायला सांगायचे आणि हुशार पोरं पुढच्या रांगेत बसवायचे. कोणाला त्यात खोटं वाटत नसे. जे आहे तेच दाखवायचं, अशी तपासणी मामाजींनी जन्मात पाहिली नव्हती.

त्याच हिवाळ्यात विहारात प्रौढांचा वर्ग सुरू झाला. मी चाळिशीला आलेली, तरी गेले. डिसेंबरपर्यंत मला नाव लिहिता येऊ लागलं, आणि जोडाक्षरं सोडली तर बाकीचंही अडखळत वाचता येऊ लागलं. प्रेमदासला ते कळलं तेव्हा त्यानं वडनेरच्या दोन्ही बाटल्यांचं काम मलाच दिलं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, झाकण घट्ट लावायचं. चिठ्ठीवर विहिरीचा नंबर, तारीख, वेळ. शाई ओलीनं पसरते म्हणून पेन्सिलनं. पहिली चिठ्ठी लिहायला मला इतका वेळ लागला की भाकरी तव्यावर करपली.

काम असं ठरलं होतं. जानेवारीपासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी मी आमच्या विहिरीची बाटली भरायची. ती भरलेली आणि अठरा नंबरची चिठ्ठी लावलेली रिकामी, अशा दोन बाटल्या पिशवीत घालून मामाजींच्या हाती द्यायच्या. मामाजी तेव्हा रूपराव पाटलांच्या संत्र्याला पाणी द्यायला होते. मळा सडकेच्या वाटेवरच. तिथे अठरा नंबर भरायची आणि आठच्या वर्ध्याच्या एस.टी.त कंडक्टरकडे पिशवी द्यायची. वर्ध्याच्या स्टँडवर प्रेमदास उतरवून घेई.

दोन-तीन महिन्यांनी प्रेमदास घरी आला तेव्हा खुशीत होता.

"बाबा, आपलं पाणी चांगलं निघालं. पाटलाच्या बरोबरीचं."

"म्या कई वाईट म्हटलं?" मामाजी म्हणाले. पण संध्याकाळपर्यंत त्यांनी ते वस्तीत आठ-दहा जणांना सांगितलं होतं.

मी प्रेमदासला म्हटलं, "पण भाऊजी, डाळ तं आजही शिजत नाई."

"वैनी, डाळीले विचारून पीएच.डी. होत नसते," तो हसून म्हणाला. "सरांनी पयल्याच दिवशी सांगितलं. जिभेचं आयकायचं नाई. ब्युरेट जे सांगीन ते लिहायचं."

ब्युरेट म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या मनात आलं की एवढं शिकलेला माणूस म्हणतो तर डाळीतच काही असेल. आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच ते ऐकून बरं वाटलं होतं. प्रेमदास त्याच पाण्यावर वाढलेला. त्यालाही बरं वाटलं, म्हणूनच त्यानं पुढे काही विचारलं नाही.

असे पंधरा महिने गेले.

ऐंशी सालचा मार्च संपत आला होता. एका रविवारी भर दुपारी प्रेमदास न सांगता आला आणि चपला न काढता ओसरीवर बसला. पाणी दिलं तर तांब्या तसाच ठेवला. मामाजी कडुनिंबाखाली खाटेवर पडले होते. मी विचारलं तेव्हा त्यानं पिशवीतून बारीक चौकटीचा एक कागद काढला. त्यावर बत्तीस विहिरींच्या रेघा होत्या, महिन्या-महिन्यानं खालीवर होणाऱ्या. सतरा नंबरची लाल, अठराची निळी. निळी दिसत होती, लाल दिसत नव्हती. निळीच्या खाली झाकून गेली होती.

"दोन इहिरी सहाशे पावलांवर," प्रेमदास म्हणाला. "एक चढली की दुसरी तेवढीच चढते, एक उतरली की दुसरी तेवढीच. असं होत नसते. सर म्हणाले, तू घरी बसून आकडे लिहिलेस."

"तुमी काय म्हणलं?"

"काय म्हणणार? म्हणलं, सर, मी एकेक बाटली स्वतः तपासली. ते म्हणाले, मग कारण सांग. उद्या सोमवारपर्यंत. नाई सांगता आलं तर ते माझे मार्गदर्शक राहणार नाई, विद्यापीठाले तसं कळवणार. एक आकडा बनावट निघाला तर बाकीचे पावणेपाचशे कोण खरे मानीन? म्हणजे माझं सगळं गेलं वैनी. दुसरे सर मले घेणार नाई. चोर म्हणून नाव झालेला पोरगा कोण घेते?"

त्यानं कागदाची घडी घातली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वैनी, रागावू नका. तुमी नव्यानंच लिहू लागल्या. चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या असतीन का?"

मला ते लागलं. पण त्याचा चेहरा पाहून मी राग गिळला आणि विचार केला.

"भाऊजी, चिठ्ठ्या बदलल्या असत्या तर सतराचे आकडे अठराले गेले असते न् अठराचे सतराले. सारखे कसे झाले असते?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "बराबर हाये," म्हणाला. "हे माह्या डोक्यात नाई आलं."

मग तो उठला, विहिरीवर गेला, पोहरा सोडून पाणी काढलं आणि ओंजळीनं प्यायला. आम्ही सगळेच ते पाणी रोज पीत होतो. तो पंधरा महिन्यांत पहिल्यांदाच चव घेऊन प्यायला. मग विहाराच्या बाजूला निघून गेला. खाटेवर मामाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण झोपले नव्हते.

दिवस मावळायच्या आत मी मामाजींना वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी. मी समोर बसले.

"मामाजी, बाटली माह्या हातून आपल्या पाण्यानं भरून जाते. सडकेपर्यंत ते तुमच्या हातात राह्यते."

त्यांनी आणखी दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "हव. मीच."

"काऊन?"

"सेलूच्या बुढ्यानं म्हटलं तवा तू होती ना तिथं. ते मांडवातल्या लोकाईनं आयकलं, गेले इसरून. हे पुस्तकात राहीन. किती लोकं वाचतीन ते पुस्तक?"

"प्रेमदास म्हणे, तिघं वाचतात. परीक्षा घेणारे."

"तिघं बी कायले वाचावं?" त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "वर आपली इहीर, खाली पाटलाची. त्याचं गोड, आपलं खारं. आन् ते लिहिणार कोण, तं माहंच पोरगं. मले नाई पाहवलं. मळ्यात आपली बाटली रिकामी करो न् त्याच इहिरीचं भरो."

"तिथलंच पाणी घेतलं तुमी. जिथं आमाले उभं ठेवत."

"आता कोण उभं ठेवते मले. मोटर मीच चालू करतो." मग म्हणाले, "बाटली उलटी करतानी मले कसंचंच वाटे. दर बारी वाटे. आपलं पाणी पाटलाच्या धुऱ्यावर सांडून राह्यलो म्हणून."

मी म्हटलं, "हे प्रेमदासले सांगा."

"त्याले नाई सांगू शकत. बापानं पोराले असं कोन्या तोंडानं सांगावं? त्याच्या मास्तरले सांगतो. तू संगं चाल. मले ते बाटलीचं न् आकड्याचं बोलता येत नाई."

दुसऱ्या दिवशी प्रेमदास पहिल्या गाडीनं गेला. तो गेल्यावर मी दोन कोऱ्या बाटल्या काढल्या. एक आमच्या विहिरीवर भरली, दुसरी मळ्यात जाऊन स्वतः भरली, चिठ्ठ्या लावल्या. मामाजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. आठच्या गाडीत नेहमीचे कंडक्टर भैय्याजी होते.

"काय बाबाराव, आज गंगाजल सोता पोचवाले निघाले?"

"गंगाजल तुमचं. हे पाणी हाये," मामाजी म्हणाले.

"मंग त्याचं बी तिकीट काढा."

"त्याले बसाले सीट द्या, काढतो."

गाडीतली माणसं हसली. मामाजींनी पिशवी मांडीवर घेतली आणि वर्धा येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली. मी मनातल्या मनात बोलायची वाक्यं जुळवत होते. हिंगणघाट कधी मागे पडलं ते कळलं नाही.

कॉलेजातल्या त्या खोलीला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. लांब लांब टेबलं, त्यावर बाटल्यांच्या उतरंडी, आणि पांढरे कोट घातलेली पोरं. प्रेमदासच्या कोटाला पिवळे डाग पडले होते. आम्हाला दारात पाहून त्याचं तोंड उतरलं.

"वैनी, घरी काय झालं?"

"घरी काई नाई. तुमच्या सरांसंगं मामाजीले बोलायचं हाये."

त्याचे सर मधुकरराव उंच, किरकोळ बांध्याचे. हळू बोलत. त्यांनी मामाजींना खुर्ची दिली. मामाजी आधी बसेनात, सर स्वतः उभे राहिले तेव्हा बसले. आणि मग त्यांनी सांगितलं. मला वाटलं होतं मला बोलावं लागेल, पण लागलं नाही. सेलूच्या पाहुण्यापासून मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सांडलेल्या पाण्यापर्यंत सगळं त्यांनी आमच्या बोलीत, एकेक करून सांगितलं. अर्ध्यात प्रेमदास म्हणाला, "बाबा, तुमी..." मामाजी त्याला म्हणाले, "आयकून घे." प्रेमदास खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

सरांनी विचारलं, "दर महिन्याला असंच केलंत?"

"हव जी. पयलीपासून."

मी म्हटलं, "एक महिना नाई. मागल्या जुलैत मामाजीले ताप होता. त्या बारी दोन्ही बाटल्या मीच नेल्या."

सरांनी प्रेमदासची मोठी वही मागवली. जुलैचं पान काढून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि वही टेबलावर उलटी फिरवून प्रेमदासपुढे सरकवली. सतरा नंबरपुढे तीनशे बारा असा आकडा होता आणि त्यावर तांबड्या पेन्सिलची रेघ होती.

"हा का खोडलास?"

"बाकीच्यांशी जुळत नव्हता सर. चाळीस-पंचेचाळीसच्या वर कधी गेला नव्हता. वाटलं, माझ्याच हातून चूक झाली."

"पुन्हा तपासलंस?"

"नाही."

"पंधरा महिन्यांत या विहिरीचा एकच आकडा खरा होता," सर म्हणाले, "तोच खोडलास."

मलाच त्याच्यासाठी वाईट वाटलं, पण सर बोलले ते रागानं बोलले नाहीत, एवढं माझ्या लक्षात आलं.

मी पिशवीतून दोन्ही बाटल्या काढून ठेवल्या. सर म्हणाले, "आता कर. यांच्यासमोर."

तेव्हा मी ब्युरेट पाहिली. काचेची लांब नळी, तिच्यावर रेघा, खाली तोटी. प्रेमदासनं अठरा नंबरचं पाणी एका निमुळत्या भांड्यात मोजून घेतलं आणि त्यात पिवळं औषध टाकलं. नळीतून थेंब थेंब सोडत तो भांडं हलवत होता. पाणी जरा गढुळलं आणि थोड्याच थेंबांत विटकरी झालं. त्यानं तोटी बंद केली, आकडा लिहिला. मग सतरा नंबर. पहिल्याच थेंबांना पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि मग नासलेल्या दुधासारखे कण दिसू लागले. थेंब पडत राहिले. मामाजी उठून जवळ गेले.

"अजून किती?"

"थांबा बाबा."

नळी अर्ध्याच्या खाली आली तेव्हा कुठे रंग टिकला.

"इतकं?" मामाजींनी विचारलं.

"इतकं."

मामाजी खुर्चीत जाऊन बसले. "इतकं असन असं नाई वाटलं," ते म्हणाले. "म्या तं थोडंसंच समजत होतो."

सर वहीत काहीतरी मांडत होते. चौदा महिन्यांचे सतरा आणि अठराचे आकडे त्यांनी समोरासमोर लिहिले आणि फरक काढले. एक, दोन, शून्य, तीन, एक. मग चष्मा काढला.

"प्रेमदास, इकडे ये. बाबाराव, तुम्हीही ऐका. जो माणूस घरी बसून आकडे लिहितो, तो दोन विहिरींना वेगळे आकडे लिहितो. सारखे कोणी लिहीत नाही, पकडलं जाईल एवढी अक्कल चोराला असते. हे मला कालच सुचायला हवं होतं. एकच पाणी चौदा वेळा दोन नावांनी तुझ्याकडे आलं. तुला माहीत नव्हतं. आणि तू चौदाही वेळा दोघांना एकच उत्तर दिलंस. तुझा हात किती खरा आहे, हे दाखवायला यापेक्षा चांगला पुरावा मला मागूनही मिळाला नसता. मी तुझ्यावर संशय घेतला, तो मागे घेतो. विद्यापीठाला काही कळवणार नाही."

प्रेमदास रडेल असं मला वाटलं. तो रडला नाही. टेबलाची कड धरून उभा राहिला.

"पण," सर म्हणाले, "सतरा नंबर पहिल्यापासून. पूर्ण दोन वर्षं. बाकीच्या डिसेंबरात संपतील, हिच्यासाठी तुला त्यानंतर आणखी पंधरा महिने थांबावं लागेल. आणि प्रबंधात लिहावं लागेल की आधीचे नमुने बदलले गेले होते, आणि जुलैचा आकडा तू न तपासता खोडला होतास. दोन्ही."

"सर, बाबांचं नाव..."

"कोणी बदलले ते लिहायची गरज नाही."

मामाजींनी विचारलं, "इहिरीचं नाव राहीन ना?"

"राहील."

"मंग लिव्हा."

परतीच्या गाडीत ते बसल्या बसल्या झोपले.

मी लिहिते आहे त्यावरून सगळं गोड झालं असं कोणाला वाटेल. तसं झालं नाही. प्रेमदास दोन-अडीच महिने वडिलांशी बोलला नाही. घरी यायचा आणि मामाजी समोर असताना मला सांगायचा, "बाबाले सांगा, पिशवी वेळेवर पोचली पायजे." मामाजीही मला सांगायचे, "त्याले सांग, पोचीन." मला दोघांचा कंटाळा आला होता. दर महिन्याला बाटल्या नेताना मामाजी मला बळंच सोबत न्यायचे. मी म्हणायची, घरी काम पडलं आहे. ते म्हणायचे, "साक्षीले चाल." मळ्यात सतरा नंबरची बाटली माझ्या हाती देऊन मगच ते अठरा भरायला वाकायचे.

जूनमध्ये प्रेमदास आला तेव्हा त्यानं एक नवीन आकडा आणला होता. मिठापेक्षा वाईट असं काहीतरी पाण्यात निघालं होतं, नायट्रेट त्याचं नाव. मोठ्या माणसाला कळत नाही, पण तान्ह्या लेकराच्या दुधात ते पाणी घालू नये, असं त्यानं मला सांगितलं. तसं पाण्यात शेणखत झिरपलं की होतं. विहिरीच्या वरच्या अंगाला वस्तीचा उकिरडा होता, वीस वर्षांचा. मी हे मामाजींना सांगितलं. त्यांनी ऐकलं, कोपऱ्यातून फावडं घेतलं आणि पावसाचं आभाळ आलेलं असताना उकिरड्यावर गेले. थोड्या वेळानं प्रेमदास दुसरं फावडं घेऊन गेला. तीन दिवस दोघं घमेली भरून तो उकिरडा खालच्या अंगाला हलवत होते. दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा ते बोलत होते.

"हे हलवलं तं गोड होईन का?" मामाजी विचारत होते.

"मीठ नाई जाणार बाबा. ते खडकातलंच हाये. दुसरं कमी होईन."

"कई?"

"पाहू. दर महिन्याले बाटली हायेच."

त्यानंतर वस्तीतल्या बाया तान्ह्या लेकरांसाठी मळ्यातून पाणी आणू लागल्या. रूपराव पाटलांनी कोणाला उभं ठेवलं नाही. बाकी आम्ही आपलंच पीत राहिलो. हातपंप आला तो चौऱ्याऐंशी साली.

सतरा नंबरची शेवटची बाटली ब्याऐंशीच्या मार्चमध्ये गेली. ऑगस्टात प्रेमदास टाइप केलेली पानं घेऊन घरी आला, बांधायला द्यायच्या आधी. सगळं इंग्रजीत. मला फक्त आकडे ओळखू आले, तेही अडखळत. मामाजींची नजर तोवर फार मंदावली होती आणि दम लागत होता. ते खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, माही इहीर कुठी हाये ते दाखव. प्रेमदासनं त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं आणि आमच्या भाषेत वाचून दाखवलं. सतरा, बाबारावांची विहीर, वडनेर. मग एकामागून एक आकडे. नायट्रेट दोन वर्षांत कमी झालेलं, तरी जास्तच. शेवटच्या रकान्यात तो थांबला.

"वाच," मामाजी म्हणाले.

"पिण्यास योग्य नाही."

"आन् खाली? पाटलाचं?"

"पिण्यास योग्य."

मामाजींनी बोट उचललं नाही. "ते नमुने बदलल्याचं कुठी लिवलं?"

प्रेमदासनं मागची पानं उलटून तेही वाचून दाखवलं. चार ओळी होत्या. त्याच पानावर सरांच्या सांगण्यावरून चौदा महिन्यांचे जोडीचे आकडेही होते. मामाजींनी ते पुन्हा वाचायला लावलं, आणि प्रेमदासनं पुन्हा वाचलं.

"बराबर हाये," ते म्हणाले. "दे बांधाले."

प्रबंध सप्टेंबरात विद्यापीठात गेला. तोंडी परीक्षा पुढच्या वर्षी जुलैत झाली. परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ सतरा नंबरबद्दलच विचारलं आणि प्रेमदासनं सगळं सांगितलं, वडिलांचं नाव घेऊन सांगितलं. त्याला पदवी मिळाली. ते ऐकायला मामाजी नव्हते. माझे सासरे बाबाराव अकरा फेब्रुवारी एकोणीसशे त्र्याऐंशी रोजी, शुक्रवारी सकाळी, वडनेरला घरीच वारले.